पंचविसाव्या अ‍ॅनिव्हर्सरीला येवल्याची पैठणी
आईबाबांचा पंचविसावा म्हणजे चांदीचा मान, पण चांदीची ताटवाटी घरात आधीच पडून आहे म्हणून येवल्याला थेट विणकराच्या घरी जाऊन पैठणी घेतली. विणकर काकांनी भाव सांगायच्या आधी पदर उलटा केला, मोर मागूनही तस्साच, लोंबते धागे नाहीत, हीच हातमागाची खूण, मशीनवाल्या सेमी पैठणीत मागे नुसता दोऱ्यांचा गुंता असतो. खऱ्या जरीत चांदीची तार असते म्हणजे चांदीचा मानही झालाच की, पण बजेट पार बोंबलतं, आम्ही टेस्टेड जरीवर, म्हणजे तांब्याच्या तारेच्या स्वस्त जरीवर भागवलं. सिल्क मार्कचं, म्हणजे रेशीम अस्सल असल्याचं लेबल बघूनच घ्या. वागणूक एक नंबर, चहा न पाजता सोडत नाहीत. फॉल-बिडिंग मात्र बाहेरून करावं लागलं, आणि बाबांसाठी तिथे काहीच नाही.