गॅस भरलाच नव्हता! एसी सर्व्हिसच्या नावाखाली ११,८९९ रुपये गेले

व्हिजिट ३९९, गॅस ३,८००, लीक वेल्डिंग ८००, पीसीबी (एसीची इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) ६,९००. एकूण ११,८९९ रुपये. माझ्या एसीत प्रत्यक्षात बदललेली वस्तू एकच आणि ती या पावतीत कुठेच नाही. साडेतीनशे रुपयांचा कपॅसिटर, म्हणजे कॉम्प्रेसर चालू करायला लागणारा छोटासा डबा.

नागपुरात नवतपा, मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, चालू होता. एसी लागत होता, पण नुसतं वारं फेकत होता. कूलर लावायचा होता ना, असं आता सगळे ऐकवतात. अहो, कोरड्या उन्हाळ्यात कूलरला तोड नाही हे नागपूरकराला सांगायची गरज आहे का? खाली दोन कूलर आहेत आमच्याकडे. पण सासरे ८१ वर्षांचे, दम्याचे. त्यांना कूलरची ओल सोसत नाही आणि त्यांची खोली वर, थेट स्लॅबखाली. आमचे नेहमीचे मेकॅनिक भाऊ लग्नासाठी गावाला गेलेले. म्हणून मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून ‘सर्व्हिस सेंटर नागपूर’ शोधलं आणि सगळ्यात वर दिसला तो नंबर लावला. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. ‘मॅडम, कंपनीतूनच बोलतोय.’ तासाभरात माणूस दारात, अंगात कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट. ते टी-शर्ट कुठेही छापून मिळतात.

(नंबर घ्यायचा तो एसीच्या वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या ॲपवरून. सर्चमध्ये वर आलेला नंबर बऱ्याचदा पैसे भरून वर आणलेला असतो.)

त्याने गच्चीवरच्या युनिटला नळी लावली आणि गॅसचा दाब दाखवणारा मीटर माझ्यासमोर धरला. काटा शून्यावर. ‘गॅस पूर्ण उडून गेला काकू, पाइपला लीक आहे.’ आता कळलं ते असं, की नळीचे आटे अर्धवटच फिरवले तर आतली पिन दाबली जात नाही आणि मशीन गॅसने गच्च भरलेलं असलं तरी काटा शून्यच दाखवतो. कॉम्प्रेसर बंद आणि वरून मे महिन्याचं ऊन, अशा वेळी नीट जोडलेला काटा पार वर जायला हवा होता.

पण तेही सोडा. मला खुपतं ते सिलिंडरचं. गॅसचा सिलिंडर त्याने दोन बोटांत अडकवून जिना चढवला. दोन बोटांत! मागून मी पाण्याची बाटली घेऊन चढत होते आणि माझ्या हाताला जास्त वजन होतं. ते मी पाहिलं, मनात आलंसुद्धा, की भरलेला सिलिंडर इतका हलका कसा? तेवढ्यात खालून सासऱ्यांची खोकल्याची उबळ ऐकू आली आणि मी खाली पळाले. परत वर आले तर ‘वेल्डिंग झालं, गॅस भरला.’ जेमतेम दहा मिनिटांत. ना वेल्डिंगचा टॉर्च दिसला, ना कशाचा वास, ना गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप.

तुम्ही म्हणाल, उभं राहून बघायचं होतं. दुपारी तीनला, पारा ४५ च्या पुढे, गच्चीच्या दाराची कडी हाताला चटका देतेय, तिथे कोण उभं राहतं? २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलेलं शहर आहे हे. आणि मी काही अडाणी नाही. उभी हयात बँकेच्या काउंटरवर ‘ओटीपी कुणाला देऊ नका’ असं लोकांना बजावण्यात गेली. म्हणूनच तर हे लिहायला आठ वेळा हात आखडला.

वर मग पीसीबीही ‘जळालेला’ निघाला. बॅगेतून एक काळपट पाटी काढून दाखवली, आतल्या युनिटचं झाकण उघडून पाच मिनिटं खुडबुड केली, आणि एसी खरंच गार झाला. खोटं कसं वाटणार? ५,००० यूपीआयने दिले, ६,८९९ रोख. ‘आज सर्व्हर डाउन आहे’ म्हणून उरलेले रोख मागितले त्याने. यूपीआयवर कंपनीचं नाही, कुणा व्यक्तीचं नाव आलं. पावती पिवळी, हाताने लिहिलेली, जीएसटी नंबर नाही, पत्ता नाही. पैसे देण्याआधी यूपीआयवरचं नाव आणि पावती, या दोनच गोष्टी बघा, बाकी काही समजलं नाही तरी चालेल.

काही दिवसांत एसी पुन्हा ठप्प. तो नंबर बंद. भाऊ गावाहून परतले, त्यांनी बाहेरचं युनिट उघडलं. आत नवा कोरा कपॅसिटर, एसी गार झाला होता तो याच्यामुळे. तोही ४५ मायक्रोफॅरडच्या जागी ३५ चा, आणि फुगलेला. मग आतलं झाकण काढलं. ‘नवा’ पीसीबी सहा वर्षांच्या धुळीने माखलेला आणि त्याच्या कोपऱ्यात वाळून चिकटलेलं पालीचं पिल्लू. ६,९०० रुपयांची पाल. भाऊंनी योग्य कपॅसिटर लावला, ३५० घेतले, आणि मीटर लावून दाखवला. गॅस पुरेसा होता. मुळात गॅस उडतच नाही, बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला तर कुठून तरी गळतोय, आणि ती जागा नायट्रोजन भरून, साबणाचा फेस लावून तुम्हाला दाखवता आली पाहिजे. बाहेरचा पंखा फिरतोय पण कॉम्प्रेसरची घरघर नाही, तर आधी कपॅसिटर तपासायला लावा.

आता तक्रारीचं ऐका. कंपनी म्हणाली, तो माणूस आमचा नाही, नंबर आमचा नाही. वर, बाहेरच्या माणसाने मशीन उघडलं म्हणून कॉम्प्रेसरच्या वॉरंटीबद्दल ‘बघावं लागेल’. म्हणजे लुटली गेले मी आणि शिक्षाही मलाच! पोलीस ठाण्यात साहेब हसले. ‘काकू, एसी गार झाला होता ना? मग फसवणूक कसली? हा ग्राहक मंचाचा विषय.’ ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या एका कार्यालयात गेले तर म्हणतात, दुकानाचं नाव-पत्ता आणा, नोटीस कुणाला काढायची? नाव-पत्ता शोधायला पुन्हा ठाण्यात. तिथे, ‘इथे लाखा-लाखाच्या केसेस पडून आहेत, तुमचे अकरा हजार.’ अकरा नाही साहेब, अकरा हजार आठशे नव्व्याण्णव. आणि रोख दिलेल्याचा पुरावा काय, हा प्रश्न मला प्रत्येक टेबलावर विचारला गेला. मोबाइल नंबर दिला, यूपीआयवरचं नाव दिलं, पावती दिली, गेटवरच्या कॅमेऱ्यात त्याची गाडीही आहे. यापुढे काय मीच त्याला पकडून आणायचं?

ऑनलाइन पैसे गेले असतील तर १९३० वर त्याच तासात फोन करा, मी उशीर केला. रोख मागितले की तिथेच थांबा. गॅस भरायचाच असेल तर गॅस भरण्याआधी आणि नंतर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायला लावा. किती ग्रॅम लागतो ते बाहेरच्या युनिटच्या स्टिकरवर छापलेलं असतं, आमच्यावर आर-३२ (हा गॅसचा प्रकार), ६८० ग्रॅम असं आहे. बदललेला जुना भाग घरात ठेवून घ्या. आणि सर्व्हिसिंग फेब्रुवारीतच उरका. मे महिन्यात तुम्ही घाईत असता हे त्यांना पक्कं माहीत असतं.

तो टी-शर्टवाला अजून फिरतोय. नाव बदललंय, व्हिजिट चार्ज तोच, ३९९. शेजारच्या फोनवरून लावून पाहिला मी. नागपुरात कुणाकडे अशी पिवळी, बिनपत्त्याची पावती असेल तर ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. माझा अर्ज दिलेला आहे, पोचही आहे. तुमचाही आला तर ‘गार झाला होता ना’ असं म्हणणं साहेबांना जरा अवघड जाईल.