सोनं शोधायचा छंद: पॅन घ्यावा की मेटल डिटेक्टर?

पॅन, म्हणजे नदीचा गाळ धुऊन सोनं वेगळं करायचं पसरट भांडं, आणि मेटल डिटेक्टर ही एकाच कामाची दोन हत्यारं आहेत, एक स्वस्त आणि एक महाग, असं समजून बरेच जण निवड करायला बसतात. तिथेच घोळ होतो. पॅनमध्ये जे सोनं सापडतं ते डिटेक्टरला बहुतेक वेळा कळतही नाही, आणि डिटेक्टर जे सोनं दाखवतो ते पॅनमध्ये यायला माणसाला जन्म पुरायचा नाही. म्हणून कोणतं चांगलं हे ठरवण्याआधी आपल्या आवाक्यातल्या जमिनीत कोणत्या आकाराचं सोनं आहे, हे बघायला हवं. मी दोन्ही बरीच वर्षं वापरतो आहे आणि माझं मत स्पष्ट आहे. ते सांगतोच, पण आधी त्यामागची कारणं.

पॅनचं सगळं काम वजनावर चालतं. सोन्याची घनता पाण्याच्या १९.३ पट. साध्या गारगोटीच्या वाळूची २.६५. नदीत सोन्याच्या सोबतीला हमखास असणारी काळी वाळू, म्हणजे मुख्यतः मॅग्नेटाइट, साधारण ५.२. हे आकडे लक्षात राहिले की पॅन कसा हलवायचा हे अर्धं कळतं. पाण्याखाली हलवत राहिलं की जड ते तळाला बसतं आणि हलकं वर येतं. आपण फक्त वरचं वरचं वाहू द्यायचं.

डिटेक्टरला वजनाशी देणंघेणं नाही. कॉइलमधून, म्हणजे मशीनच्या टोकाच्या तारेच्या वेटोळ्यातून, चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं, वीज वाहून नेणाऱ्या वस्तूत त्यामुळे छोटे प्रवाह उठतात आणि त्यांची प्रतिक्रिया मशीन ऐकतं. कण जितका लहान तितकी प्रतिक्रिया क्षीण. पिठासारख्या बारीक सोन्याची तर काहीच नाही. असं सोनं एका मुठीत शेकडो कण असलं तरी मशीन गप्प राहतं, कारण ते कण एकमेकांना चिकटलेले नसतात. उलट कोरड्या माळावर वीतभर खोल पडलेला बोटाच्या पेराएवढा गोळा पॅनवाल्याला कधीच भेटणार नाही. तेवढी माती धुणार कोण, आणि पाणी आणणार कुठून?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९८० साली किंगोवर गावाजवळ ‘हँड ऑफ फेथ’ नावाचा सुमारे २७ किलोंचा गोळा मेटल डिटेक्टरने सापडला. डिटेक्टरने सापडलेला इतका मोठा दुसरा गोळा ठाऊक नाही. पण त्याच राज्यात मोलियागुल इथे १८६९ मध्ये सापडलेला ‘वेलकम स्ट्रेंजर’ त्याहून कितीतरी मोठा, ७० किलोंच्या वर, आणि तो मिळाला एका झाडाच्या मुळाशी, जेमतेम तीन सेंटीमीटर मातीखाली, साध्या कुदळीने. मोठं सोनं कुठे आहे हे जमीन ठरवते. मशीन आपला शोधायचा वेळ वाचवतं, पण नसलेलं सोनं आणून देत नाही. हे मनात पक्कं असलं की जाहिराती वाचताना भान राहतं.

आता पॅन जरा जवळून. साधारण १४ इंचांचा, हिरवा किंवा निळा प्लॅस्टिकचा, एका बाजूला आडव्या खाचा असलेला पॅन नवख्याला उत्तम. गडद रंगावर सोनं उठून दिसतं, आणि प्लॅस्टिक असल्यामुळे खालून लोहचुंबक फिरवून काळी वाळू बाजूला ओढता येते. लोखंडी पॅनमध्ये ते जमत नाही. नवा पॅन आधी भांडी घासायच्या साबणाने आणि वाळूने खसखसून घासायचा. त्यावर कारखान्यातला तेलकटपणा असतो आणि बारीक सोनं तेलकट पाण्यावर चक्क तरंगतं. इतका जड धातू, पण पापुद्र्यासारखा चपटा झाला की पाण्याचा पृष्ठताण त्याला उचलून धरतो आणि तो काठावरून निघून जातो. हातालाही क्रीम किंवा घामाचा चिकटपणा नको.

गाळ आधी चाळून घ्यायचा. मग पॅन पाण्याखाली धरून ढेकळं बोटांनी फोडायची, गोटे धुऊन टाकायचे, आणि पॅन डावी-उजवीकडे जोरात हलवायचा. हा टप्पा नवखे लोक घाईने उरकतात आणि सोनं हातचं घालवतात. खरं वेगळं होणं इथेच होतं, पुढचं नुसतं आवरणं. नंतर पॅन पुढे झुकवून वरचा थर पाण्याबरोबर जाऊ द्यायचा, पुन्हा सपाट करून हलवायचं, पुन्हा झुकवायचं. शेवटी चमचाभर काळी वाळू उरते. थोडंसं पाणी घेऊन ती हळूच गोल फिरवली की वाळू पुढे सरकते आणि मागे तिच्या शेपटीला पिवळे ठिपके राहतात. पहिल्यांदा ते दिसले तेव्हा मी पॅन सावलीत नेऊन बघितलं होतं, आणि हीच सगळ्यात सोपी परीक्षा आहे. अभ्रक उन्हात झगमगतं आणि सावलीत विझतं. सोनं सावलीतही तेवढंच पिवळं राहतं. पायराइटचा, म्हणजे सोन्यासारख्या दिसणाऱ्या खनिजाचा, संशय आला तर सुईने दाबा. पायराइट तडकतं, सोनं दबतं.

कुठे खणायचं हे हलवण्याइतकंच महत्त्वाचं. प्रवाहाचा वेग जिथे पडतो तिथे सोनं बसतं: वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या धोंड्याच्या खालच्या अंगाला, प्रवाहाला आडव्या असलेल्या कातळाच्या भेगांत. या भेगा पॅनवाल्याची खरी तिजोरी. एक वाकडी सळई, एक चमचा आणि ब्रश घेऊन एकच कपार तळापर्यंत साफ करण्यात मी अख्खी सकाळ घालवली आहे. वरच्या गाळात काही नव्हतं. अगदी शेवटचा, मातीने घट्ट बसलेला चिखल धुतला तेव्हा सात कण मिळाले. कातळापर्यंत न पोचता वरची वाळू धुणाऱ्याला त्या ओढ्यात सोनं नाही असंच वाटलं असतं.

पॅनची उणी बाजूही तितकीच खरी. कंबर आणि गुडघे दुखतात, थंड पाण्यात बोटं बधिर होतात, तासाला आठ-दहा पॅनपेक्षा जास्त नीट धुऊन होत नाहीत. पाणी हवंच. आणि दिवसभराचं सोनं काचेच्या कुपीच्या तळाशी पिवळी रेघ दिसेल एवढंच असतं. जास्त गाळ धुवायचा तर पुढची पायरी म्हणजे स्लूस, खाचांची एक उतरती पन्हळ. वाहत्या पाण्यात ती मांडली की पॅनच्या कितीतरी पट गाळ निघतो. पण तिच्यात अडकलेला जड गाळ शेवटी पॅनमध्येच धुवावा लागतो. पॅन सुटत नाही.

डिटेक्टरकडे येऊ. याची एक गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. गेरहार्ड फिशर हे रेडिओने दिशा शोधण्याच्या यंत्रणेवर काम करत होते. खनिजं असलेल्या भागात यंत्रणेची दिशा चुकते, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यातून मेटल डिटेक्टर उभा राहिला. त्याचं पेटंट १९३७ चं. ज्या खनिजांमुळे ही कल्पना सुचली तीच आज डिटेक्टरवाल्याची मुख्य डोकेदुखी आहे, कारण सोनं बहुतेकदा लोहयुक्त, तांबड्या, ‘गरम’ जमिनीत असतं आणि तिथे मशीन जमिनीलाच धातू समजून ओरडतं. म्हणून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीच्या खनिजांकडे मशीनला दुर्लक्ष करायला लावणं, नीट करता येणं ही मशीन निवडतानाची पहिली अट. पडद्यावर आकडे किती सुंदर दिसतात, ही शेवटची.

मशीनमध्ये दोन मुख्य प्रकार. व्हीएलएफ, म्हणजे व्हेरी लो फ्रिक्वेन्सी मशीन, सतत लहरी सोडतं, धातूचा साधारण अंदाज देतं, हलकं असतं आणि खिशाला झेपतं. त्यातही सोन्यासाठीची मशीनं जास्त वारंवारतेची: मिनलॅबचं गोल्ड मॉन्स्टर ४५ किलोहर्ट्झवर, फिशरचं गोल्ड बग २ तर ७१ वर चालतं. वारंवारता वाढली की मोहरीएवढा तुकडाही दोन-तीन सेंटीमीटरवर ऐकू येतो, पण खोली कमी होते आणि गरम जमिनीचा त्रास वाढतो. पीआय, म्हणजे पल्स इंडक्शन मशीन, विजेचा जोरदार ठोका देऊन थांबतं आणि उरलेला प्रतिसाद विझताना ऐकतं. गरम जमिनीवर ते शांत राहतं आणि खोल जातं. मात्र ते वजनाला जास्त, किमतीला अनेक पट, आणि लोखंड व सोनं यांत भरवशाचा फरक करत नाही. प्रत्येक खिळा खणायची तयारी असेल तरच पीआय. पहिलं मशीन म्हणून ते घेऊ नये, असं मी ठामपणे सांगेन.

फरक करण्याच्या बटणाबद्दल, म्हणजे डिस्क्रिमिनेशनबद्दल, विकणारे फार बोलतात. लहान सोनं, पातळ अंगठी, ॲल्युमिनियमचा पातळ कागद (फॉइल) आणि डब्याची ओढायची पट्टी हे सगळं मशीनच्या दृष्टीने जवळजवळ एकाच रांगेत बसतं. फॉइल नको म्हणून ती रांग बंद केली की सोनंही बंद होतं. दुसरा मार्ग नाही, खणायचंच.

आणि खणणं म्हणजे काय ते नीट समजून घ्या. हेडफोनमधली बारीक, एकसुरी गुणगुण किंचित वर जाते. कॉइल आडवी-उभी दोन्हीकडून फिरवली तरी आवाज तिथेच येतो, म्हणजे आशा आहे. बुटाच्या टाचेने वरची माती सरकवली आणि आवाज गेला, तर तो पृष्ठभागावरचा कचरा. वाढला, तर खाली काही आहे. माती बाहेर काढायची, ढिगाचे दोन भाग करायचे, ज्यात आवाज तो ठेवायचा. मग एकेक मूठ कॉइलवरून न्यायची. ज्या मुठीला मशीन बोलतं ती अर्धी सोडायची, पुन्हा न्यायची. शेवटी तळहातावर चिमूटभर माती उरते आणि तिच्यात बहुतेक वेळा असतो खिळ्याचा तुकडा, शिशाचा छर्रा किंवा पत्रा. पन्नास वेळा असं झाल्यावर एकावन्नाव्या वेळी तितक्याच काळजीने मूठ फिरवणारा माणूस असाल, तर डिटेक्टर तुमच्यासाठी आहे. नसाल तर पॅनच बरा, कारण पॅन दर पंधरा मिनिटांनी काही ना काही उत्तर देतो.

आता निवड. जवळ सोनं वाहून आणणारा ओढा किंवा नदी आहे आणि सोनं बारीक आहे, तर पॅन. इथे डिटेक्टर घेणं पैसे वाया घालवणं आहे. भाग कोरडा आहे, जुन्या खाणकामात तिथे गोळे निघाल्याची नोंद आहे, तर सोन्याचं व्हीएलएफ. एखाद-दोन वर्षं नेमाने हाती काही लागलं आणि तीच जमीन गरम असल्यामुळे अडतंय असं दिसलं, तरच पीआय. सोन्याची जमीनच आवाक्यात नाही, तर नाणी, हरवलेले दागिने, जुन्या वस्तू शोधणारं बहुवारंवारतेचं साधारण मशीन घ्या. खाऱ्या ओल्या वाळूवर एकाच वारंवारतेचं मशीन बडबड करतं, म्हणून समुद्रकिनाऱ्यासाठी हा प्रकार जास्त बरा. लहान मुलांसोबत जाणार असाल तर प्रश्नच नाही, पॅन. पाण्यात खेळताना शिकता येतं.

आणि काहीच ठरत नसेल, तर आधी पॅन घ्या, नंतर मशीन. माझं मत ते हेच. खर्च कमी हे त्याचं एक कारण, पण मोठं कारण वेगळं आहे: पॅन जमीन वाचायला शिकवतो. ओढ्याच्या खालच्या अंगापासून वर वर नमुने धुवत गेलं, आणि एका जागेच्या वर सोनं एकदम थांबलं, तर ते कुठल्या तरी उतारावरून खाली आलंय. शिवाय कणांच्या कडा टोकदार आहेत की घासून गोल झाल्यात, यावरून मूळ जागा जवळ की लांब याचा अंदाज येतो. त्या उतारावर मशीन घेऊन चढणारा आणि कुठेही मशीन फिरवणारा, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

परवानगीच्या बाबतीत दोन्ही हत्यारं सारखी नाहीत, हेही बघा. जागेच्या मालकाची परवानगी दोन्हीला लागते. व्हिक्टोरियात ‘मायनर्स राइट’ नावाचा दहा वर्षांचा परवाना काढला की हातानं शोधलेलं सोनं आपलं, पण बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत बंदी. कॅलिफोर्नियात पंपाने गाळ खेचण्यावर २००९ पासून बंदी आली. इंग्लंडमध्ये १९९६ च्या कायद्याप्रमाणे खजिन्यात मोडणारी जुनी वस्तू सापडली तर १४ दिवसांत कळवावं लागतं. डिटेक्टरवाल्याचा पुरातत्त्व कायद्याशी संबंध जास्त येतो, पॅनवाल्याचा नदी आणि खनिजांच्या कायद्याशी. मशीन घ्यायच्या आधी हे वाचा, कारण काही ठिकाणी ते नुसतं बाळगणंही अडचणीचं ठरतं. जुनी वस्तू मातीतून उपटली की ती कोणत्या थरात होती ही माहिती कायमची जाते. संशय आला की थांबा, जागा तशीच ठेवा. तोफगोळ्यासारखं काही दिसलं तर हातही लावू नका, लांब जाऊन पोलिसांना कळवा.

खड्डे बुजवणं आणि खणलेला पत्रा-खिळे सोबत आणणं हा भाग चर्चेचा नाही. पॅनवाल्यांनी काठ पोखरू नयेत, झाडांची मुळं उघडी पाडू नयेत. आणि काळ्या वाळूतून बारीक सोनं काढायला पारा कुणी सुचवला तर सरळ नाही म्हणा. त्याची वाफ माणसाला आणि त्याचा अंश नदीला विषारी. चुंबक, बारीक चाळणी आणि धीर एवढ्यावर छंदापुरतं सोनं निघतं.

काहीही विकत घ्यायच्या आधी शिशाचे छर्रे चपटे करून त्यांचे दहा बारीक तुकडे करा. ते बादलीभर वाळूत मिसळा आणि उसना आणलेला पॅन घेऊन टबात धुवा. शिसं सोन्याहून बरंच हलकं, घनता ११.३, त्यामुळे दहाच्या दहा तुकडे परत मिळू लागले की सोनं सुटणार नाही. त्यातलाच एक तुकडा नंतर कुणाच्या तरी डिटेक्टरखाली दोन, पाच, दहा सेंटीमीटर पुरून ऐका. लहान सोनं साधारण तसंच बोलतं. नंतर हात वाळवून तुकडे एका डबीत भरा आणि हात साबणाने धुवा.