पायाच्या चिखल्यांसाठी टी ट्री तेल: घ्यावं का?

पावसाळा लागला की 'फंगल इन्फेक्शनवर नैसर्गिक उपाय' म्हणून तीन तेलं हमखास पुढे केली जातात: टी ट्री (चहाचं नव्हे, ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं), करंज आणि कडुनिंब. यातलं पैसे टाकण्याजोगं एकच, टी ट्री. तेही बोटांच्या बेचक्यातल्या साध्या चिखल्यांपुरतं.

जाहिरातीत बहुतेक वेळा एका बशीचा फोटो असतो. आगरवर, म्हणजे बुरशी वाढवायच्या जेलीवर, बुरशीचा पांढरा कापसासारखा थर, मधोमध तेलात बुडवलेली कागदाची चकती आणि तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ. या वर्तुळावर भरवसा ठेवू नये. आगर म्हणजे जवळपास पाणीच. करंज-कडुनिंबाचं जड तेल त्यात पसरत नाही, म्हणून वर्तुळ लहान दिसतं. टी ट्रीची वाफ मात्र झाकणाखाली सगळीकडे फिरते आणि वर्तुळ फुगतं. खरी परीक्षा करायची तर तेल ट्वीन 80 (तेल पाण्यात मिसळवणारा पदार्थ) घालून द्रवात नीट विरवायचं, दर पायरीला निम्मं पातळ करत जायचं आणि नुसत्या ट्वीनची एक नळी तुलनेला ठेवायची. गजकर्णाची बुरशी सावकाश वाढते, दुसऱ्या दिवशी काढलेल्या निकालाला अर्थ नाही. वाढ थांबलेल्या नळीतला थेंब बिनतेलाच्या आगरवर लावल्याशिवाय बुरशी मेली की नुसती दबली, हेही कळत नाही.

बशीपेक्षा माणसांवरच्या चाचण्या मोलाच्या. 1992 मध्ये 10% टी ट्री क्रीम तपासलं गेलं: खाज, सालपटं कमी झाली, पण बुरशी जाण्यात ते औषध नसलेल्या क्रीमच्या पुढे गेलं नाही. 2002 च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत 25% आणि 50% द्रावण दिवसातून दोनदा, चार आठवडे लावलं. तेव्हा 50% च्या गटात 64% जणांची बुरशी गेली, तेल नसलेल्या नुसत्या द्रावणाच्या गटात 31% जणांची. थोडक्यात, कमी टक्क्याने खाज थांबते आणि माणूस बरं झालं समजून लावायचं सोडतो. ज्या 'टी ट्रीयुक्त' फूट क्रीमवर टक्का छापलेलाच नाही, ते घेऊ नये.

बाटली घेताना आयएसओ 4730 हा मानक क्रमांक बघा. 2017 च्या आवृत्तीनुसार तेलातला मुख्य बुरशीरोधक घटक टर्पिनेन-4-ऑल किमान 35% आणि सिनिओल हा दुसरा घटक जास्तीत जास्त 10% हवा. बाटली गडद काचेची हवी. तेल निम्मं संपलं की बाटलीत हवा शिरते, तेल ऑक्सिडाइज होतं आणि तेच ॲलर्जीचं मुख्य कारण ठरतं. उघडल्याची तारीख लिहून ठेवा. वास बदलला की तेल टाकून द्या.

25% साठी 5 मिलि टी ट्रीत 15 मिलि दुसरा द्रव. घरोघरी खोबरेल घेतात, पण चाचणीतलं द्रावण अल्कोहोल आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉलचं होतं, तेव्हा तोच गुण येईल असं धरू नये. शिवाय खोबरेल जाड लागलं की बेचकं ओलसरच राहतं. पाय धुवा, प्रत्येक बेचकं कोरडं पुसा, मग कापसाच्या काडीने पातळ हात फिरवा. त्याआधी कोपराच्या वळणात दिवसातून दोनदा, सात दिवस लावून बघा. लाल झालं, खाजलं तर पुढे जाऊ नका. 2002 च्या चाचणीतही काहींना त्वचादाह झालाच होता. कातडी फाटून ओली झाली असेल तर लावूच नका. जांघेत, डोळ्यांजवळ नको. पोटात तर थेंबही जाऊ देऊ नये.

छाती-पाठीवरच्या शिब्यांवर करंज किंवा कडुनिंबाचं तेल चोळणं तर उलटंच. शिब्यांची बुरशी, मॅलासेझिया, स्निग्धाम्लांवर (तेलातल्या आम्लांवर) जगते. ती प्रयोगशाळेत वाढवायची तर आगरवर ऑलिव्ह तेल घालतात, आणि या दोन्ही तेलांत ऑलिव्हसारखंच ओलेइक आम्ल हे स्निग्धाम्ल भरपूर असतं.

डोक्यातलं गजकर्ण आणि नखांची बुरशी वरून तेल लावून जात नाही. अंगभर पसरलेलं गजकर्ण, किंवा ज्यावर आधी स्टेरॉइड मिसळलेली मलम लावली आहे असं गजकर्ण, यांत तेलावर महिना घालवू नका. भारतात सध्या टर्बिनाफिन या बुरशीविरोधी औषधाला न जुमानणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी फोफावली आहे. त्वचारोगतज्ज्ञाकडे जाऊन सालपट खरवडून केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधणं) करून घ्या. जाण्याआधी काही दिवस त्या जागी तेल लावू नका, सालपट कोरडं मिळालं तर तपासणी नीट होते.