व्ही-क्रॉसला मोठे टायर: २६५/७० की २४५/७५?

इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस ही पिकअप २०१६ साली बाजारात आली ती २४५/७० आर १६ टायरवर (२४५ मिमी रुंदी, रुंदीच्या ७० टक्के भिंतीची उंची, १६ इंची रिम). महामार्गाला हा टायर उत्तम. पण चिरेखाणीची वाट किंवा आंब्याच्या बागेत उतरणारा कच्चा रस्ता पावसाळ्यात धरला की गाडीचं पोट टेकायला लागतं. मग टायरच्या दुकानात ठरलेलं उत्तर मिळतं: २६५/७० आर १६, ऑल टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांचा), टाका आणि विसरा.

टायर म्हणून २६५/७० चांगलाच आहे. तरीही कोकणात फिरणाऱ्या या गाडीला २४५/७५ आर १६ जास्त योग्य, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याला उंची हवी असते, रुंदी नव्हे, आणि घासण्याचा बराचसा त्रास रुंदीतून येतो.

आकडेच पाहा. मूळ टायरचा व्यास ७४९ मिमी, २६५/७०चा ७७७, २४५/७५चा ७७४. व्यास वाढला की गाडी त्याच्या निम्म्यानेच उचलली जाते. म्हणजे एकात १४ मिमी, दुसऱ्यात १२. या दोन मिलिमीटरसाठी २६५ घेतला तर रुंदी किती वाढते? २६५/७०ची छापील रुंदी २७२ मिमी, पण ती आठ इंची रिमवरची. रिम अर्ध्या इंचाने अरुंद झाली की टायर साधारण ५ मिमीने आकसतो, त्यामुळे गाडीच्या ७जे, म्हणजे सात इंची रुंद, रिमवर तो २६२च्या आसपास बसतो. मूळ टायर २४८. म्हणजे दोन्ही बाजूंना सातेक मिमी वाढ. २४५/७५मध्ये ही वाढ जवळपास शून्य. शिवाय साचलेल्या पाण्यावर अरुंद टायर उशिरा तरंगतो. जुलैत मुंबई-गोवा रस्त्यावर हा फायदा छोटा नाही.

घासतं कुठे? मागे क्वचितच. पुढच्या चाकाचा बाहेरचा खांदा (टायरची कड) फुल लॉकवर, म्हणजे स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर, मागच्या बाजूला लाइनरच्या (मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिक अस्तराच्या) खालच्या कोपऱ्याला आणि मडफ्लॅपच्या कडेला लागतो. रिव्हर्स घेताना आणि चाक खड्ड्यात दबलेलं असताना जास्त. आतला खांदा चॅसिसच्या बाजूला जातो, तिथला आवाज बारीक असतो म्हणून तो लक्षात येत नाही आणि टायरची भिंत खरवडली जाते.

टायर विकत घेण्याआधीच मोजमाप करा. गाडी सपाट जागी, स्टेअरिंग फुल लॉक, आणि सगळ्यात जवळच्या जागी फट मोजा. दोन्ही बाजूंनी मोजायची, कारण डावी-उजवी सारखी नसते. २४५/७५साठी किमान २२ मिमी हवी (१२ वाढ, १० मोकळीक). २६५/७०मध्ये चाक मागेही सरकतं आणि बाहेरही, म्हणून २६. मोजण्याआधी लाइनर आणि मडगार्डच्या आतला भाग प्रेशरने धुऊन घ्या. जांभ्याची तांबडी माती तिथे थरांनी बसते आणि वाळली की दगडासारखी होते. अशा थराने सेंटिमीटरभर जागा सहज खाल्ली जाते. ऑगस्टमध्ये अचानक घासायला लागलेल्या गाडीत पहिला संशय त्याच मातीवर घ्यायचा.

आधी एकाच चाकावर नवा टायर चढवून पाहा. खांद्यावर खडू फासा, विरुद्ध बाजूचं मागचं चाक फळीवर चढवा म्हणजे हे चाक दबेल, आणि लॉक टू लॉक सावकाश फिरवा. खडू जिथे उमटला ती जागा खरी. प्लॅस्टिकला लागत असेल तर लाइनरच्या क्लिपा काढून तो हीट गनने मऊ करा, मागे दाबा आणि स्टेनलेस स्क्रूने बसवा. मडफ्लॅप कापावा लागला तरी हरकत नाही. लाइनर पूर्ण काढून टाकू नका. माती आणि खारी हवा थेट पत्र्यावर गेली की गंज चढायला वेळ लागत नाही. अलाइनमेंट करताना कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) कंपनीच्या मर्यादेतल्या वरच्या टोकाला ठेवायला सांगा. चाक थोडं पुढे सरकतं आणि मागची फट वाढते.

स्प्रिंग उंच करून घासणं थांबत नाही. उभी गाडी उंच दिसते, पण चाक पूर्ण दबल्यावर ते बंप स्टॉपपर्यंत (सस्पेन्शनला शेवटी अडवणाऱ्या रबरापर्यंत) तेवढंच वर जातं. चाक बाहेर सरकवणारा स्पेसर तर नकोच. चाक बाहेर गेलं की वळताना त्याचा वेढा मोठा होतो, मडगार्डला लागतं, आणि बेअरिंगवर ताण येतो तो वेगळा. रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते ठरवणारं माप) मूळचाच ठेवा.

हौद्यात आंब्याच्या पेट्या किंवा मासळीचे क्रेट असतात, म्हणून लोड इंडेक्स (एक टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) पाहिल्याशिवाय टायर घेऊ नका. १०७ म्हणजे ९७५ किलो, १११ म्हणजे १०९०, ११२ म्हणजे ११२०. दारावरच्या स्टिकरपेक्षा कमी आकडा चालणार नाही. टायर पाच घ्या. फोर बाय फोर लावताना पुढची-मागची चाकं वेगळ्या मापाची असली तर ट्रान्स्फर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीवर) ताण येतो, आणि स्टेपनीही त्याच मापाची हवी. ती हौद्याखाली बसते का, हे दुकानातच पाहा.

मूळ टायरवर अचूक असलेला स्पीडोमीटर मोठ्या टायरवर ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८३ असेल. मायलेज कमी भासतं त्यातला साडेतीन टक्के भाग नुसता किलोमीटर कमी मोजणाऱ्या ओडोमीटरचा. आंबोली किंवा फोंडा घाटात भरली गाडी मात्र खरंच किंचित जड चढते, एक गिअर लवकर उतरावा लागतो.

१८ इंची झेड मॉडेलवाल्यांनी २५५/६० वरून २६५/६०वर जाण्यात हशील नाही. सहा मिमी उंची मिळते, तेवढ्यासाठी पाच टायरचा खर्च कशाला.

कायद्याचं भानही हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच बजावलं. पत्रा कापायचा विचारही नको, आणि नवं माप कंपनीला व विमा कंपनीला मान्य आहे का, हे आधी लेखी विचारा.

बसवून झाल्यावर नट ५० ते १०० किमीनंतर टॉर्क रेंचने पुन्हा आवळा, आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर लाइनरवर ताजी चकाकी आली आहे का, ते टॉर्च लावून पाहा.