जुन्या ट्रॅक्टरला बसवायचं रोल बार + सीट बेल्ट किट, वापरून मगच लिहितेय

रोल बार म्हणजे सीटमागची लोखंडी कमान, ट्रॅक्टर पलटला तरी चालकाला चिरडू न देणारी. मी इंजिनिअर आहे, आणि उमेदीची सगळी वर्षं शेतीच्या यंत्रांखाली माणसं जाऊ नयेत ह्याच एका कामात गेली, त्यामुळे हा रिव्ह्यू लांबणार हे आधीच सांगते. ज्यांना फक्त घ्यावं का नको एवढंच हवंय त्यांनी घ्या, बिनधास्त घ्या, पण पिनबद्दल खाली लिहिलंय तेवढं वाचून घ्या.

धाकट्या भावाकडे जुना ट्रॅक्टर आहे. इंजिन अजून खणखणीत, पण वर काही नाही, नुसती सीट आणि दोन बाजूंना मडगार्ड. ट्रॅक्टरचं हेच तर दुखणं आहे, तो मरतच नाही! स्वीडननं 1959 मध्येच नव्या ट्रॅक्टरना रोल बार सक्तीचा केला, अमेरिकेत 1985 पासून कंपन्या 20 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना आपणहून लावून द्यायला लागल्या, पण त्याआधीचे सांगाडे अजूनही कामावर आहेत आणि माणसं त्यांच्याच खाली जातात. म्हणून हे किट मागवलं, दोन खांबांचं, मधून दुमडणारं, सोबत बेल्टवाली सीट.

भाऊ आधी म्हणाला, अगं पलटी व्हायला लागला तर उडी मारीन की. हे वाक्य मी अपघातानंतरच्या पाहणीत इतक्या घरांत ऐकलंय की आता अंगावर काटा येतो. गणित बघा. रुतलेली ट्रॉली ओढायची म्हणून साखळी ड्रॉबारला, म्हणजे मागच्या खालच्या ओढायच्या दांड्याला न बांधता वर, टॉपलिंकपाशी, म्हणजे अवजाराच्या वरच्या जोडदांड्यापाशी बांधतात, मागची चाकं जागची हलत नाहीत आणि इंजिन तर जोर लावतंय, मग चाकाऐवजी अख्खा ट्रॅक्टरच एक्सलभोवती फिरतो, नाक वर. पाऊण सेकंदात तो अशा ठिकाणी पोचतो की क्लच दाबूनही खाली येत नाही, आणि दीड सेकंदात चालक खाली, ट्रॅक्टर वर. माणसाच्या डोक्याला धोका कळून पाय हलेपर्यंतच जवळपास पाऊण सेकंद जातो. उडी कधी मारणार?

आता किटकडे. बॉक्स उघडल्यावर मी सगळ्यात आधी खांबावरची प्लेट शोधली. त्यावर ट्रॅक्टरचं मॉडेल, चालणारं जास्तीत जास्त वजन आणि कोणत्या टेस्टनं पास झालंय ते कोरलेलं होतं, ओईसीडी कोड 4, म्हणजे अशा बारची आंतरराष्ट्रीय टेस्ट. ही प्लेट नसेल तर तो नुसता लोखंडी पाइप आहे, परत पाठवा. ह्या टेस्टमध्ये बार बसवून त्याला मागून आणि बाजूनं हळूहळू रेटतात, बाजूनं रेटताना दर किलोमागे 1.75 ज्यूल, म्हणजे 2000 किलोच्या ट्रॅक्टरला 3500 ज्यूल एनर्जी त्यानं गिळायची, शिवाय वरून ट्रॅक्टरच्या वजनाच्या साधारण दुप्पट दाब. आणि एवढं होऊन चालकाभोवतीच्या ठरवून दिलेल्या जागेत बारचा कुठलाही भाग घुसता कामा नये.

इथंच लोकांचा घोळ होतो. त्यांना वाटतं बार जितका जाड तितका भारी, मग वेल्डिंगवाल्याकडून जाडजूड पाइपचा करून घेतात. अहो, बार वाकलाच पाहिजे! वाकता वाकताच तो धक्का पोटात घेतो. वाकला नाही तर सगळा जोर वेल्डवर आणि एक्सलच्या बोल्टवर जातो, तिथं तुटलं की बार असून नसल्यासारखा. किती वाकायचं आणि कुठं थांबायचं हे टेस्ट केल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही, आणि माझं तर हेच काम आहे.

फिटिंग ठीक. बोल्ट 10.9 ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे दिलेत, डोक्यावर आकडा बघून घ्या, हरवला तर हाताला येईल तो लावू नका. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानंच बोल्ट आवळणारा पाना, पाहिजेच, आणि थोडे तास काम झालं की सगळे बोल्ट परत चेक करायचे. मडगार्ड एका बाजूला अडत होता तर मेकॅनिक सरळ बारलाच भोक पाडायला निघाला, त्याला थांबवलं आणि मडगार्ड कापायला लावला. बारला ड्रिल नाही, वेल्ड नाही, कधीच नाही. मॅन्युअल मात्र अगदीच सुमार, चित्रं एवढीएवढीशी आणि टॉर्कचा तक्ता शेवटच्या पानावर लपवलाय.

खरी तक्रार पिनची. वरचा भाग दुमडायचा तर दोन्हीकडच्या पिना काढायच्या, त्या ज्या साखळीला आहेत ती इतकी आखूड की हात अडकतो, आणि वरचा भाग चांगलाच जड आहे, एकट्याला झेपत नाही. तुम्ही म्हणाल किरकोळ आहे. नाही हो! कटकट झाली की माणूस बागेत फांद्या लागतात म्हणून एकदा बार दुमडतो आणि मग तो कायमचा दुमडलेलाच राहतो, आणि दुमडलेला बार कुणालाही वाचवत नाही. पिन बनवणाऱ्यानं स्वतः संध्याकाळी दमल्या हातांनी ती एकदा काढून बघायला हवी होती.

बेल्ट छान आहे, आपोआप गुंडाळला जातो, बकलमध्ये धूळ जाते तेवढी फुंकून काढा. नियम पक्का लक्षात ठेवा, बार उभा तर बेल्ट लावायचा, बार दुमडलेला तर बेल्ट लावायचा नाही, कारण तेव्हा बेल्ट तुम्हाला ट्रॅक्टरखालीच बांधून ठेवतो. बार उभा आणि बेल्ट लावलेला, दोन्ही असेल तर पलटीत जीव वाचायची खात्री 99 टक्क्यांपर्यंत धरली जाते. नुसत्या बारवर जाऊ नका, बेल्ट नसेल तर माणूस बाहेर फेकला जातो आणि कधी कधी बारच अंगावर येतो. भाऊ आता चढला की आधी बेल्ट ओढतो, मला ह्याचंच सगळ्यात समाधान.

कस्टमर केअरला मुद्दाम विचारलं की पलटी झाल्यावर बार सरळ करून चालेल का. मेलवर सरळ उत्तर आलं, नाही, पूर्ण बदला. बरोबर उत्तर दिलं म्हणून एक गुण जास्त.

पाचपैकी चार. पिन सुधारली तर पाच देईन. ऑर्डर करताना मॉडेल नंबर ट्रॅक्टरच्या प्लेटवरूनच उतरवा, बोनेटवरच्या स्टिकरवरून नको, आणि पुढे लोडर किंवा मागे वजनं लावली असतील तर तेही आधी कळवा.