सपाट पायांची मोफत तपासणी: फसवतात कसं?

इनसोल (बुटात घालायची आधाराची गादी) विकणारे मुलाला प्रेशर मॅटवर, म्हणजे तळपायाचा दाब मोजणाऱ्या चटईवर उभं करतात, स्क्रीनवर तळपाय लालभडक दिसतो आणि पुढचं वाक्य ठरलेलंच असतं: "कमानच नाही. आत्ता काही केलं नाही तर गुडघे आणि मणका जाणार." लाल रंग म्हणजे तिथे दाब जास्त, एवढंच. ते निदान नव्हे. तीन वर्षांखालच्या जवळजवळ सगळ्याच मुलांचे तळवे सपाट दिसतात, कारण खाली चरबीची गादी असते आणि सांधे सैल असतात. पुढे आठ-दहा वर्षांपर्यंत कमान आपसूक वर येत राहते.

मग पालकांनाच हात आडवा धरायला लावतात. विक्रेता मनगटावर दाब देतो, तोल जातो. पायाखाली इनसोल सरकवून पुन्हा दाबतो, माणूस ढिम्म हलत नाही. यात इनसोलचा काडीचाही संबंध नाही. पहिल्यांदा तो खाली आणि किंचित बाहेरच्या बाजूला दाबतो, दुसऱ्यांदा खाली पण पायांच्या रोखाने. बघणाऱ्याला फरक कळत नाही. इनसोल आहे की नाही हे दाबणाऱ्याला न सांगता हाच प्रयोग करायला लावा, लगेच काहीतरी सबब निघते.

यानंतर पॅकेज गळ्यात मारतात: दर सहा महिन्यांनी पायाच्या नव्या साच्यावरून इनसोल आणि 'प्रगती'चा स्कॅन. प्रगती दिसणारच, मूल वाढतंय ना! शिवाय स्कॅनच्या वेळी पायाचा अंगठा वर उचलायला लावला किंवा मुलाला बसवून स्कॅन घेतला, की कमान लगेच उंच दिसते. इनसोलने दुखणं आणि थकवा कमी होऊ शकतो, पण कमान कायमची तयार होत नाही. पाय दुखत असेल तर आधी साधा तयार इनसोल वापरून बघावा.

घरी एवढं तपासा. मुलाला चवड्यांवर उभं करून मागून बघा. कमान उमटली आणि टाच आतल्या बाजूला वळली तर पाय लवचीक आहे. दुखत नसेल तर उपचारच नको. पोटरी आखडलेली असेल तर भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीवर ठेवून ३० सेकंद ताण द्यावा, प्रत्येक पायाला तीनदा. मागच्या पायाची बोटं बाहेर वळली की ताण पोटरीऐवजी पायाच्या मधल्या सांध्यावर जातो आणि कमान आणखी दबते. बहुतेकांचं इथेच चुकतं. चवड्यांवरही पाय सपाटच राहिला, दुखत असला किंवा घोटा वारंवार मुरगळत असला, तर दोन हाडं जोडलेली असू शकतात. अशा वेळी अस्थिरोगतज्ज्ञांकडून उभं राहून काढलेला एक्स-रे आणि गरजेनुसार सीटी स्कॅन हवा. झोपवून काढलेल्या एक्स-रेवरून कमान किती दबते ते कळत नाही.

सगळ्यात महागात पडतं ते 'पंधरा मिनिटांचं' स्क्रूचं ऑपरेशन. घोट्याखालच्या पोकळीत स्क्रू बसवून पाय आत वळण्यापासून अडवतात. न दुखणाऱ्या लवचीक पायासाठी ते नकोच. कधी स्क्रूच दुखायला लागतो आणि काढावा लागतो. अनेक महिने नीट उपचार करूनही दुखणं चालण्याच्या आड येत असेल, तरच शस्त्रक्रियेचा विचार करतात. त्यात टाचेचं हाड कापून सरकवणं किंवा लांब करणं, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) दुसरीकडे जोडणं असं काम असतं. साधारण सहा आठवडे पायावर भार नाही आणि पूर्ण सावरायला कित्येक महिने.

मोठ्या माणसाचा एकच पाय नव्याने सपाट झाला, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आली आणि त्या एका पायावर टाच उचलता येईना, तर तिथलं टेंडन निकामी होत असतं. पॅकेजच्या नादात वर्ष गेलं तर पाय ताठर होऊ शकतो आणि मग बहुधा सांधे जोडण्याचीच शस्त्रक्रिया उरते. मधुमेह असताना पाय अचानक लाल, गरम, सुजलेला दिसला, तर फारसं दुखत नसलं तरी त्या पायावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टर गाठा; आत हाडं ढासळत असू शकतात.