सायगावचा फ्रेंच पट्टा: अर्ध्या दिवसाच्या टूरमध्ये काय हुकतं

व्हिएतनामच्या ग्रुप टूरमध्ये हो चि मिन्ह सिटीच्या, म्हणजे जुन्या सायगावच्या, वाट्याला बहुतेक वेळा अर्धा दिवस येतो. चर्चसमोर फोटो, पोस्टात दहा मिनिटं, राजवाडा बसच्या खिडकीतून आणि उरलेला वेळ बाजारात. एवढ्यात हे शहर पदरात काही पडू देत नाही. हाच पट्टा पायी जेमतेम तीन किलोमीटरचा आहे. टूरवाल्यांकडून एक मोकळा दिवस मागून घ्या आणि आपापला करा. क्रम तेवढा चुकवू नका.

सुरुवात स्वातंत्र्य राजवाड्यापासून. सकाळी आठला उघडतो आणि तिकीट खिडकी दुपारी साडेतीनला बंद होते. दुपारच्या उकाड्यात आत फिरणं जड जातं. सरकारी कार्यक्रम असला तर तो बंदही असतो, म्हणून आदल्या संध्याकाळी हॉटेलवर विचारून ठेवा. नुसत्या राजवाड्याचं तिकीट ४०,००० डोंग, शेजारच्या जुन्या बंगल्यातल्या प्रदर्शनासकट ६५,०००. हिशोब असा: शेवटची तीन शून्यं काढा, उरलेल्याला साडेतीननं गुणा, साधारण रुपये येतात. जोडतिकीटच घ्या आणि आधी प्रदर्शन पाहा. ते न पाहता आत गेलात तर राजवाडा म्हणजे एखादी मोठी सरकारी कचेरी वाटेल.

कारण ही जागा मुळात फ्रेंच अमलातल्या नोरोदोम राजवाड्याची. त्याचा पाया १८६८ ला घातला. २७ फेब्रुवारी १९६२ ला, देश उत्तर-दक्षिण असा दुभंगलेला असताना, दक्षिण व्हिएतनामच्याच दोन बंडखोर वैमानिकांनी त्यावर बॉम्ब टाकले आणि एक बाजू पार ढासळली. मग डागडुजी न करता तो पाडला आणि न्गो व्हिएत थु या वास्तुविशारदाच्या आराखड्यावर आजची इमारत १९६६ ला पुरी झाली. समोरच्या दर्शनी भागावर बांबूच्या पेरांसारखी उभी जाळी आहे. खालून ती नक्षी वाटते. वर जाऊन तिच्या मागं उभं राहा: ऊन अडतं, वारा मात्र थेट अंगावर येतो. मे महिन्यातलं मराठवाड्याचं ऊन ज्याला माहीत आहे, त्याला या जाळीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

गच्चीवर एक हेलिकॉप्टर ठेवलंय आणि ८ एप्रिल १९७५ ला जिथं बॉम्ब पडले तिथं गोल खुणा केल्यात. गच्चीवरून उतरल्यावर माणसं दमून थेट बाहेर पडतात आणि तळघर राहून जातं. तेच चुकवू नका. भिंतभर युद्धाचे नकाशे, जुन्या बिनतारी यंत्रांच्या रांगा, अरुंद बोळ. बाहेर आवारातले ८४३ आणि ३९० क्रमांकाचे रणगाडे त्याच जातीचे आहेत, पण मूळचे हनोईत. ३० एप्रिल १९७५ ला उत्तर व्हिएतनामच्या फौजेनं शहर घेतलं, तेव्हा मुख्य फाटक तोडलं ते ३९० क्रमांकाच्या रणगाड्यानं. ८४३ बाजूच्या फाटकात अडकला होता. एका तारखेनं राज्य बदलतं म्हणजे काय, हे १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, झेंडावंदन करणाऱ्या आपल्या लोकांना लवकर उमगेल. इथं दोन-अडीच तास ठेवा.

तिथून बागेतून दहा मिनिटं चाललं की नोत्र दाम चर्च. १८७७ ते १८८० मध्ये बांधलेलं, विटा फ्रान्सहून आणलेल्या आणि गिलावा न केलेला. टोकदार मनोरे मात्र १८९५ चे. २०१७ पासून मोठी दुरुस्ती चालू आहे, त्यामुळं पर्यटकांना आत जाता येईल हे गृहीत धरू नका. पाच-दहा मिनिटं पुरे.

खरा वेळ द्यायचा तो शेजारच्या पोस्टाला. १८८६ ते १८९१ मध्ये बांधलेलं, प्रवेश फुकट. गाइड हमखास आयफेल टॉवरवाल्या आयफेलचं नाव घेतात, पण आराखडा फुलू या वास्तुविशारदाचा. आत शिरण्याआधी दर्शनी भिंतीवरची नावं वाचा: ओम, फॅरडे. वीज आणि तारेच्या शास्त्रातली माणसं, शाळेतल्या पोरांना दाखवण्यासारखी. आत लोखंडी कमानींचं छत, जुन्या रेल्वे स्टेशनसारखं. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर दोन रंगवलेले नकाशे: एक सायगाव आणि परिसराचा, दुसरा दक्षिण व्हिएतनाम-कंबोडियाच्या तारमार्गांचा, दोन्हींवर १८९२ साल. तारमार्गांच्या नकाशासमोर थोडं थांबा. फ्रेंचांना हा मुलूख कशानं बांधून ठेवायचा होता, ते त्या रेघांमध्ये दिसतं. जुन्या लाकडी टेलिफोन खोल्याही बघा.

वेरूळ-अजिंठा उशाला असलेल्या माणसाला सव्वाशे-दीडशे वर्षांच्या इमारतींचं काय कौतुक, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर या पोस्टातच आहे: इथं आजही टपाल चालतं. एक पोस्टकार्ड घ्या, पत्ता इंग्रजीत लिहा, पिनकोड घाला, तळाशी देशाचं नाव मोठ्या अक्षरात. तिकीट काउंटरवर मिळतं.

पुढं डोंग खोय रस्त्यानं नदीच्या दिशेला उतरा. लागूनच ली तू चोंग रस्त्यावर २२ नंबरची इमारत आहे. १९७५ च्या प्रसिद्ध फोटोत जिच्या गच्चीवरून माणसं हेलिकॉप्टरला चढताना दिसतात ती हीच. अमेरिकी वकिलातीची म्हणून ती खपवली जाते, ते चूक. ऑपेरा हाऊस १९०० चं. कार्यक्रमाचं तिकीट असेल तरच आत सोडतात. १९०८ चं सिटी हॉल सरकारी कार्यालय असल्यानं एरवी बाहेरूनच, म्हणून ते दिवे लागल्यावर बघा. समोरचा न्गुयेन ह्वे हा चालण्याचा रस्ता पूर्वी कालवा होता.

बेन थान बाजार १९१४ चा. घड्याळाचा मनोरा बघा, खरेदी नाही केली तरी चालेल. पहिला भाव फार चढा सांगतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी सोय: २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेल्या मेट्रोनं ऑपेरा हाऊस ते बेन थान एकच स्टेशन आहे. बाजाराजवळ तमिळ लोकांनी बांधलेलं मरिअम्मन देऊळही आहे.

आता जिथं माणसं फसतात ते. २०,००० आणि ५,००,००० च्या दोन्ही नोटा निळसर असतात, त्यामुळं देताना शून्यं मोजा. सायकलरिक्षात बसण्याआधी भाव कागदावर लिहून घ्या, माणशी की फेरीचा तेही. नाहीतर ग्रॅब, म्हणजे फोनवरच्या ॲपची टॅक्सी, मागवा. वाहनं उजवीकडून चालतात, तेव्हा आधी डावीकडं बघा. मोटारसायकलींच्या लोंढ्यात संथ, एकसारखं चाला. मध्येच थबकलं किंवा पळालं की त्यांचा अंदाज चुकतो. फोन रस्त्याच्या बाजूच्या हातात धरू नका, चालत्या गाडीवरून हिसकावतात.

पाऊस मे ते नोव्हेंबर, सरी बहुधा दुपारनंतर. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर छत्री घ्याच. शाकाहाराला तिथं 'आन चाय' म्हणतात. या 'चाय'चा चहाशी संबंध नाही. नुसतं 'मांस नको' म्हणालात तर माशाचा सॉस, 'न्योक माम', घातलेली भाजी समोर येते. पाटीवर 'चाय' लिहिलेलं हॉटेल शोधा.